लेव्हलच्या कडेची पट्टी

साईनाथ गाळ्यात उकिडवा बसून लेव्हलच्या कडेची पट्टी नखानं सोडवत होता. वर्षभराच्या धुळीनं ती मळली होती आणि निघता निघत नव्हती. शेवटी त्यानं ब्लेड घेतलं, खालून अलगद सरकवलं, तशी हातभर लांबीची ती फिकट पट्टी अखंड सुटून त्याच्या मनगटाला चिकटली. त्यानं ती सोडवली, वहीच्या कागदात गुंडाळली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. मग लेव्हलवर पुन्हा ताडपत्री ओढली.

लेव्हल म्हणजे रंगमंचावर उंची आणायला ठेवतात तो लाकडी चौथरा. हा तीन फुटी होता, एका अंगाला तीन पायऱ्या. डोंबिवलीच्या ज्या हौशी मंडळाचा तो होता, त्यांनी तो गेल्या वर्षी साईनाथच्या गाळ्यात आणून टाकला आणि पुन्हा कधी मागितला नाही. वापरायचं कुणाच्या मनात नव्हतं आणि फोडायचं कुणाच्या हातून होत नव्हतं. साईनाथचे स्पॉट, डिमर, केबलची भेंडोळी यांच्यात तो तसाच पडून होता. गणपतीत ऑर्केस्ट्राला आणि एरवी नाटकांना लाइट द्यायचे, हा साईनाथचा तीस वर्षांचा धंदा. त्यातली सत्तावीस वर्षं उत्तम राऊळांच्या नाटकांना.

राऊळांच्या पत्नीचा, कलावतीवहिनींचा फोन आठ दिवसांपूर्वी आला होता.

"भावजी, गुरुवारी ह्यांचं वर्षश्राद्ध आहे. पानावर बसायला तुम्ही हवे आहात. कारण सांगू नका."

त्यानं कारण सांगितलं नाही. येतो म्हणाला, आणि तेव्हापासून त्याची झोप उडाली. वर्षभरात तो त्या घरी दोनदा गेला होता, दोन्ही वेळा दारातूनच परतला होता. या खेपेला बसायचं, जेवायचं आणि सगळे गेल्यावर सांगून टाकायचं, असं त्यानं ठरवलं होतं. पट्टी बरोबर असली की माघार घेता येणार नाही, म्हणून पट्टी.

स्कूटर माणकोलीच्या पुलावर आली तेव्हा खाडीला ओहोटी लागली होती. चिखलात एक होडी कलती पडली होती. साईनाथनं एक हात सोडून खिसा चाचपला आणि पुन्हा हँडल धरलं.

त्या पट्टीला सगळे रेडियम म्हणतात. रेडियम आपलं म्हणायला; तिच्यात रेडियमबिडियम काही नसतं. उजेड मिळाला की ती काही वेळ हिरवट चमकते, मग हळूहळू मंदावते. ब्लॅकआउटमध्ये नटाला कड दिसावी, पायरी दिसावी, म्हणून जिथे पाय चुकेल तिथे ती चिकटवायची. नवख्यांना एकच गोष्ट सांगावी लागते. पट्टीजवळ स्वतःचं काही नसतं. तिला आधी द्यावं लागतं. दोन मिनिटं टॉर्च जवळ धरला की अंक निभावून जातो.

दर प्रयोगाला दुसरी घंटा झाली की साईनाथ पडद्यामागे गुडघे टेकून एकेका पट्टीवर टॉर्च धरायचा. मंडळात त्याची थट्टा व्हायची. साई पोरांना भरवतोय, म्हणायचे. थट्टा काढली राऊळांनीच, आणि पुढे त्यांचा तो नेम होऊन बसला. मेकअप करून विंगेत आले की ते विचारायचे, "साई, पोरं जेवली का?" साईनाथ म्हणायचा, "जेवली दादा, ढेकरपण दिली." हे ऐकल्याशिवाय राऊळ मंचावर पाऊल टाकत नसत. नटांचे असे नेम असतात. कुणी मंचाच्या पाया पडतं, कुणी पहिलं वाक्य मनात तीनदा म्हणतं. राऊळांना पोरं जेवलेली लागायची.

राऊळ वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत स्टोअरकीपर होते. दिवसभर नटबोल्ट मोजायचे आणि संध्याकाळी वर्तकनगरहून डोंबिवलीला तालमीला हजर. उंच, किंचित पोक आलेला माणूस, आवाज मात्र असा की मागच्या रांगेतल्या पेंगणाऱ्यानं पाय आवरून बसावं. त्यांना प्रश्न विचारायची खोड होती. एकदा प्रयोग संपल्यावर सेट उतरवताना ते साईनाथला म्हणाले होते,

"साई, तू लाइट बंद करतोस. मग तो उजेड जातो कुठे रे?"

"जातो कुठे म्हणजे? संपला."

"एवढा होता तो? असा कसा संपेल?"

साईनाथनं थोडा विचार केला. मग त्यांचा हात धरून मागच्या काळ्या पडद्याला लावला. दोन तास स्पॉटखाली असलेलं ते कापड कोमट होतं.

"हा बघा. मुरला इथे. तुमच्या कोटातपण असेल थोडा."

राऊळांनी कोटाची बाही गालाला लावून बघितली आणि लहान मुलासारखे हसले. पुढे कित्येक दिवस ते हे ज्याला त्याला सांगत होते.

मागच्या वर्षीचा तो प्रयोग एका शाळेच्या सभागृहात होता. गावाचं नाव साईनाथ अजूनही काढत नाही. दुपारी चारची वेळ, आणि मेन स्विच सारखा पडत होता. वीस मिनिटं उशीर झाला, लोक टाळ्या पिटू लागले, मंडळाचा सेक्रेटरी विंगेत येऊन घड्याळ दाखवून गेला. साईनाथ बोर्डापाशी वायरींत डोकं घालून बसला होता. तिसऱ्या घंटेला राऊळ मागे येऊन उभे राहिले.

"साई, पोरं जेवली का?"

साईनाथच्या दातांत स्क्रूड्रायव्हर होता. त्यानं मागे न बघता अंगठा वर केला.

पोरं जेवली नव्हती. टॉर्च पेटीतून बाहेरसुद्धा निघाला नव्हता. त्याला वाटलं, स्पॉट पेटले की त्यातला थोडा उजेड पट्ट्यांना लागेल, निभेल. पहिल्या अंकाच्या शेवटी मात्र मंचावर एकच स्पॉट होता, लेव्हलवर उभ्या असलेल्या राऊळांच्या चेहऱ्यावर. पायऱ्यांकडची डावी कड सुरुवातीपासून काळोखात होती. साईनाथनं स्पॉट हळूहळू उतरवला. हॅलोजनची तार बंद झाल्यावरही क्षणभर लाल राहते. ती प्रेक्षकांना दिसत नाही, लाइटवाल्याला दिसते. ती लाल रेघ विझली आणि पोतं टाकावं तसा आवाज आला. सेटला टेकण म्हणून ठेवलेलं लोखंडी वजन खाली होतं. लोकांना वाटलं, नाटकातलंच आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

राऊळ दवाखान्यात नऊ दिवस होते. मधूनमधून शुद्धीवर यायचे, बोलायचे. साईनाथ रोज बाहेरच्या बाकावर असायचा. तीनदा आत गेला. तिन्ही वेळा सांगायचं म्हणून गेला आणि पाणी हवं का विचारून बाहेर आला. पुढे सगळे एकच बोलत राहिले. वय झालं होतं, सहासष्ट म्हणजे काही कमी नाही, तोल गेला. पट्ट्यांबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. एकानं जरी विचारलं असतं, तरी साईनाथ सुटला असता.

वर्तकनगरच्या त्या जुन्या इमारतीचा जिना चढताना त्यानं दोनदा थांबून दम घेतला. दार उघडंच होतं. हॉलमध्ये राऊळांचा हार घातलेला फोटो, कंपनीतले दोन जुने सहकारी, आणि आत-बाहेर करणारी मेघाली. मेघाली राऊळांची एकुलती एक मुलगी. लग्न होऊन कल्याणला दिलेली. त्या दिवसापुरती आली होती.

"साईकाका, आलात? आईचं सकाळपासून चार वेळा विचारून झालं."

पान वाढलं गेलं. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, खीर, सगळं राऊळांच्या गावाकडच्या पद्धतीचं. सहकारी जेवता जेवता राऊळांच्या आठवणी काढत होते. कंपनीच्या स्नेहसंमेलनात त्यांनी मॅनेजरची कशी नक्कल केली होती, आणि टाळ्या सगळ्यात जास्त मॅनेजरनंच कशा वाजवल्या होत्या. साईनाथ घास तोंडात फिरवत राहिला. वडा अर्धा मोडला आणि तसाच ठेवला. कलावतीवहिनी स्वयंपाकघराच्या दारातून त्याच्या पानाकडे बघत होत्या.

चारच्या सुमाराला सहकारी निघून गेले. मेघाली आत भांडी आवरत होती. वहिनी पदराला हात पुसत समोरच्या खुर्चीवर येऊन बसल्या. वर्षभरात त्या बारीक झाल्या होत्या आणि त्यांच्या हालचाली मंदावल्या होत्या. साईनाथनं खिशातून कागद काढला, उलगडला आणि पट्टी टीपॉयवर ठेवली. दिवसाच्या उजेडात ती अगदी साधी दिसत होती, जुन्या पांढऱ्या नाडीसारखी.

"वहिनी, ही त्या लेव्हलची. डाव्या कडेची." त्यानं पट्टी बोटानं सरळ केली. "मला तुम्हाला एक सांगायचंय. त्या दिवशी…"

"भावजी, आधी माझं ऐका."

वहिनी ताठ बसल्या. दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि त्याच्या डोक्यावरच्या भिंतीकडे बघत, कुठेही न अडखळता बोलल्या.

"त्यांना दिसत नव्हतं. अंधार झाला की काही म्हणजे काही दिसायचं नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोन वर्षं आधीच सांगितलेलं. नाटकातून काढतील म्हणून ते कुणाला बोलले नाहीत, मलाही शपथ घातलेली. पावलं मोजून चालायचे. त्या दिवशी मोजण्यात चुकले. त्या पट्ट्या त्यांच्या काहीच कामाच्या नव्हत्या. असल्या काय आणि नसल्या काय."

साईनाथ खुर्चीत पुढे सरकला.

"दिसतच नव्हत्या?"

"नव्हत्या."

"मग ते मला दर वेळी विचारायचे ते?"

वहिनी जरा घुटमळल्या. "सवय," त्या म्हणाल्या. "एवढ्या वर्षांची सवय."

त्याला आठवायला लागलं. तालीम सुटल्यावर काळोख्या बोळातून जाताना राऊळ त्याच्या खांद्यावर हात ठेवायचे, ती माया नव्हती तर. दौऱ्यावर बसमधून उतरताना आधी त्याला उतरवायचे. सगळं चपखल बसत गेलं. आणि मग त्याच्या छातीवरून काहीतरी उतरलं, इतकं अचानक की त्याला खुर्चीचा हात धरावा लागला. तीनशे पासष्ट दिवस. रोज सकाळी डोळे उघडले की पहिला तो अंगठा. आणि या माणसाला दिसतच नव्हतं! त्याला राऊळांचा राग आला, भरभरून राग आला, आणि त्या रागानंसुद्धा बरं वाटलं.

"मला सांगायचं ना एकदा तरी," तो म्हणाला. "मी हाताला धरून उतरवलं असतं त्यांना."

"ते कुणाचं ऐकणारे होते?" वहिनी उठल्या. "तुम्ही जेवला नाहीत. मी बघत होते. बसा, गरम वडे आणते."

तो जेवला. चार वडे, वाटीभर सांबारं, दोनदा खीर. भूक लागली होती आणि ती आजची नव्हती. वहिनी समोर बसून वाढत होत्या. खीर संपली तेव्हा त्यानं वाटी बोटानं पुसून घेतली, आणि आपण श्राद्धाच्या पानावर हे असं खातोय, हे लक्षात येऊन ओशाळला.

"खा हो," वहिनी म्हणाल्या. "त्यांना आवडलं असतं."

हात धुवायचं बेसिन आतल्या पॅसेजमध्ये होतं. एका टोकाला बेडरूम, दुसऱ्या टोकाला संडास-बाथरूम, मधे खिडकी नाही. दिवसाही ट्यूब लावावी लागायची. पाहुण्यांसाठी ती सकाळपासून जळत होती. साईनाथनं हात धुतले, चूळ भरली, तोंडावर पाणी मारलं. आरशात त्याला आपला चेहरा बऱ्याच दिवसांनी ओळखीचा वाटला. वळताना सवयीनं त्यानं बटण बंद केलं. पेटता दिवा मागे सोडून जायचं त्याच्या रक्तात नव्हतं.

ट्यूब विझली आणि पॅसेज हिरवा झाला.

भिंतीच्या तळाशी, बेडरूमच्या उंबऱ्यापासून निघालेली एक रेघ सरळ त्याच्या पायाशी येत होती. बेसिनपाशी वळण होतं तिथे बाणाचं टोक केलेलं. तिथून पुढे बाथरूमच्या पायरीच्या कडेला एक जाड पट्टी, आणि त्याच्या बोटाखालच्या बटणाभोवती एक वर्तुळ. साईनाथ खाली वाकला. पट्टीचे कोपरे कात्रीनं गोल केलेले होते. कोपरा टोकदार ठेवला की पायानं उचकटतो, गोल कापावा, हे त्यानंच राऊळांना शिकवलं होतं. पट्टीही त्याच्याच गाळ्यातली. त्या प्रयोगाआधीच्या दिवाळीत राऊळांनी उरलेलं भेंडोळं मागून नेलं होतं. घरात काय करणार, त्यानं विचारलं होतं. लावीन कुठेतरी, ते म्हणाले होते.

"काका, अंधारात काय करताय?" मेघाली खांद्याला पर्स लावून बेडरूममधून बाहेर आली. तिनं बटण दाबलं नाही. रेघेवरून सरळ चालत आली. "हे ना? बाबांचं काम. रात्री उठले की लाइट लावायचे आणि आईची झोप मोडायची, म्हणून एका रविवारी बसून लावलं सगळं. मग काय, त्याच्यावरून ऐटीत चालायचे. म्हणायचे, चष्म्याशिवायपण लख्ख दिसतं मला, बघ."

"हे कधी?"

"गेल्याच्या आदल्या दिवाळीत. जायच्या चार-पाच महिने आधी." ती चपला घालायला पुढे गेली. "आई रोज संध्याकाळी टॉर्च मारते ह्या पट्ट्यांवर. मी म्हटलं, कशाला आता? ऐकत नाही. चला, मला लेकीला क्लासमधून घ्यायचंय, पाच वाजून गेले. तुम्ही चहा घेऊनच निघा हं."

दार लागल्याचा आवाज आला. साईनाथ तिथेच उभा होता. रेघ त्याच्या पायाजवळून निघून पायरीपर्यंत जात होती, आणि ज्याला दोन वर्षं काही म्हणजे काही दिसत नव्हतं, त्या माणसानं ती खाली बसून, टोकं जुळवून, कोपरे गोल करून लावली होती.

तो बाहेर आला. वहिनी टीपॉयवरची पट्टी हातात घेऊन बसल्या होत्या. त्यांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं, मग त्याच्या मागच्या काळोख्या पॅसेजकडे, आणि डोळे मिटले.

"वहिनी, त्यांना दिसत होतं."

त्यांनी हातातली पट्टी बोटाभोवती गुंडाळली.

"त्यांनी मला विचारलेलं. पोरं जेवली का. मी मागे वळून बघितलंपण नाही. अंगठा दाखवला." तो उभ्यानंच बोलत होता. "टॉर्च मारलाच नव्हता मी. पडले ते माझ्यामुळे."

खाली अंगणात कुणीतरी क्रिकेटच्या बॅटीनं भिंतीवर टकटक करत होतं. ते थांबलं.

"ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "त्यांनी सांगितलं मला. पाचव्या दिवशी. म्हणाले, कड दिसली नाही. साईनं जेवली म्हणून सांगितलेलं, म्हणजे पट्टी असणारच. दिसत नाही म्हणजे कड अजून पुढे असेल. म्हणून एक पाऊल जास्त टाकलं."

साईनाथ खाली बसला. खुर्चीवर नाही, जमिनीवरच, भिंतीला पाठ लावून. तोंडावर हात घेतला आणि रडला. वहिनींनी त्याला रडू दिलं.

बऱ्याच वेळानं त्या बोलू लागल्या. आता त्या भिंतीकडे बघत नव्हत्या.

"तुम्ही बाहेर बाकावर बसायचात ना, तेव्हा आत आमची तालीम चालायची. ते म्हणाले, साई कधीतरी येईल तुझ्याकडे. आल्याशिवाय राहायचा नाही. तो सांगायला लागला की त्याला बोलू द्यायचं नाही, आधी तू बोलायचंस. वाक्यं त्यांनीच दिली. दिसत नव्हतं, डॉक्टरांनी सांगितलेलं, मोजण्यात चुकले. रोज माझ्याकडून म्हणून घ्यायचे. बोलताना धाप लागायची त्यांना, तरी. मी म्हटलं, मला नाही जमायचं, मी कधी शाळेतल्या नाटकातपण नव्हते. तर म्हणाले, डोळ्यांत बघू नकोस त्याच्या. डोक्यावर बघ, भिंतीकडे. नवीन पोरांना मी हेच सांगतो. अडखळत नाहीत."

त्यांनी हातातली पट्टी सरळ केली, पुन्हा गुंडाळली.

"शेवटच्या दिवशीसुद्धा एकदा म्हणवून घेतलं. 'असल्या काय आणि नसल्या काय' हे मी घाईत म्हणते, म्हणाले. सावकाश म्हण." पट्टी त्यांनी मांडीवर ठेवली. "वर्षभर मी रोज म्हणत होते, भावजी. विसरायला नको म्हणून. तुम्ही येत नव्हतात. शेवटी मीच बोलावलं. आज सगळं बरोबर म्हटलं ना मी? कुठे चुकलं माझं?"

"नाही चुकलं," साईनाथ म्हणाला. "एक शब्द चुकला नाहीत. पॅसेजचा लाइट मी बंद केला."

वहिनींनी मान हलवली. खिडकीतलं ऊन समोरच्या इमारतीच्या गच्चीवर गेलं आणि हॉलमध्ये काळोख उतरू लागला. मग वहिनी गुडघ्यावर हात देऊन उठल्या. फोटोपुढे निरांजन लावलं, हात जोडले, आणि फ्रिजवरचा टॉर्च घेऊन पॅसेजकडे निघाल्या. रोजच्यासारख्या.

साईनाथ उठला आणि त्यानं हात पुढे केला. त्यांनी त्याच्याकडे क्षणभर पाहिलं आणि टॉर्च त्याच्या हातात दिला.

"मी चहा टाकते," त्या म्हणाल्या.

तो बेडरूमच्या उंबऱ्याशी गुडघे टेकून बसला. सकाळपासूनच्या ट्यूबचा उजेड पट्ट्यांत अजून होता, मंद झाला होता. त्यानं टॉर्च जवळ धरला आणि मनात मोजायला सुरुवात केली. एकशे वीस झाले की पुढे सरकायचं. गुडघे दुखत होते, त्यानं घाई केली नाही. वळणावरच्या बाणाला थोडा जास्त वेळ दिला. स्वयंपाकघरातून आल्याचा वास येत होता, कपबशा वाजत होत्या. मग त्या वाजायच्या थांबल्या.

"भावजी," वहिनींनी आतून विचारलं, "पोरं जेवली का?"

साईनाथनं मान वर केली. मागे वळून सगळी रेघ बघितली, उंबऱ्यापासून बाणापर्यंत. मग समोर बघितलं.

"नाही वहिनी," तो म्हणाला. "पायरीची एक राहिलीय. थांबा जरा."